बापूंचा इंटरनॅशनल

आमच्या लातूर-नांदेडकडे ट्रॅक्टरला कंपनीच्या नावानं हाक मारतात. मॅसी, फोर्ड, आयशर, एचेमटी. "त्यांचा फोर्ड बंद पडलाय", "यंदा नांगरटीला मॅसी सांगितलाय" अशी भाषा. आमच्या घरी होता तो इंटरनॅशनल. पूर्ण नाव इंटरनॅशनल बी-२७५, मुक्काम कांदिवली, मुंबई, साल १९६९. बापूंनी (म्हणजे माझ्या आजोबांनी) घेतला, १९९६ मध्ये विकला गेला, आणि गेल्या दिवाळीनंतर परत घरी आला. स्वतःच्या चाकांवर नाही, दुसऱ्याच्या ट्रॉलीवर चढून आला. लाल रंग उडून कुठे गुलाबी, कुठे नुसता गंज. समोरची जाळी नाही. मागच्या एका टायरात बाभळीचं रोप उगवलेलं. स्टेअरिंगला सुतळी गुंडाळलेली, तीही कुजलेली.

आल्यापासून येणारा-जाणारा एकच प्रश्न विचारतो, "आता याचं करायचं काय?"

घरात तीन मतं आहेत, ती पुढे येतीलच. पण मला वाटलं की आधी हा गडी कुठून आला, त्यानं इथे नेमकं काय केलं, ते एकदा लिहून काढावं. त्याशिवाय पुढचं ठरवायचं तरी कशाच्या आधारावर?

तर सुरुवात थोडी लांबून. १९५१ साली सगळ्या देशात मिळून साडेआठ हजारांच्या आसपास ट्रॅक्टर होते, आणि सगळे परदेशी. त्याच सुमाराला मध्य भारतातल्या लाखो एकर जमिनीत काँस नावाचं गवत माजलं होतं. ते उपटायला सरकारनं सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन काढली. महायुद्धात वापरून उरलेली अमेरिकन यंत्रं तिच्याकडे होती. १९४९ मध्ये जागतिक बँकेकडून शेतीच्या यंत्रांसाठी एक कोटी डॉलरचं कर्ज घेतलं. भारताला जागतिक बँकेकडून मिळालेलं पहिलं कर्ज रेल्वेसाठी होतं, आणि दुसरं हे, गवत उपटण्यासाठी! मला ही गोष्ट कळली तेव्हा हसू आलं होतं. पण ज्यानं कुंदा पाहिलाय तो हसणार नाही.

कुंदा म्हणजे आपल्या काळ्या भारी जमिनीतलं काँसाचं भावंड. मुळ्या दोन-दोन हात खाली. वरून कितीही वखरा, पंधरा दिवसांत परत हिरवा. त्याला एकच औषध, उन्हाळ्यात खोल नांगरून ढेकळं उलटी पाडायची आणि मुळ्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळवायच्या. हे काम लोखंडी नांगराचं. आता लोखंडी नांगर आपल्याकडे काही ट्रॅक्टरबरोबर आला नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तो १९०३ मध्येच बेळगावला बनवला होता, आणि लोखंडानं जमीन नासते म्हणून सुरुवातीला शेतकरी त्याला हात लावेनात ही गोष्ट शाळेत सगळ्यांनीच वाचली असेल. पण भारी जमिनीत तो ओढायला सहा-सहा, आठ-आठ बैल लागत. म्हणजे ज्याच्याकडे चार बैलजोड्या त्याचाच कुंदा निघणार. बाकीच्यांनी एक तर इर्जिक घालायची, नाही तर कुंद्याबरोबर राहायचं.

देशात ट्रॅक्टर बनायला लागले १९५९ पासून. २४ एप्रिल १९५९ ला फरिदाबादला आयशरचा पहिला बाहेर पडला. तरी १९६१-६२ या अख्ख्या वर्षात देशात तयार झालेले ट्रॅक्टर किती? ८८०. (आज आपण वर्षाला नऊ लाखांच्या आसपास विकतो.) मग मद्रासला टॅफे मॅसी फर्ग्युसन बनवायला लागली, आणि मुंबईत महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून १९६३ मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. कारखाना कांदिवलीला. १९६५ मध्ये तिथून पहिला बी-२७५ निघाला. मूळ बी-२७५ इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या कारखान्यातला, १९५८ सालचा. चार सिलिंडर, ३५ हॉर्सपॉवर, आठ गिअर पुढचे आणि दोन मागचे. इंग्लंडमध्ये हा मधल्या शेतकऱ्याचा साधा ट्रॅक्टर होता. आपल्याकडे आला तो राजासारखा.

राजासारखा म्हणजे अक्षरशः. पैसे असले तरी ट्रॅक्टर मिळत नसे. नंबर लावायचा आणि थांबायचं, वर्ष वर्ष. बापूंनी नंबर कधी लावला ते कुणाला आठवत नाही, पण पत्र आलं १९६९ च्या उन्हाळ्यात. त्याच जुलैमध्ये १४ बँका सरकारी झाल्या, पण त्यांचा पैसा खेड्यात पोचायला वेळ होता. तोवर ट्रॅक्टरला कर्ज म्हणजे जमीन गहाण. पुढे भूविकास बँक म्हणून ओळखली गेली ती व्यवस्था. बापूंनी वीस एकर गहाण टाकली. वीस एकर! तीही कुणाला न विचारता. आजीला कळलं ते सही झाल्यावर.

आजीचा विरोध मात्र कर्जाला नव्हता. तिचा प्रश्न होता शेणाचा. बैल कमी केले तर गोवऱ्या कशाच्या थापायच्या, सारवायचं कशानं, उकिरड्यात टाकायचं काय? "लोखंडाला शेण पडतं का?" असं तिनं विचारल्याचं आमच्या घरी अजून सांगतात आणि सगळे हसतात. मला आता त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. आज गावात शेणखताची ट्रॉली काय भावानं मिळते ते विचारून बघा.

आता ट्रॅक्टर आणला कसा, तर चालवत. तेव्हाच्या औरंगाबादहून (आताचं छत्रपती संभाजीनगर) आमच्या अहमदपूर तालुक्यापर्यंत, तीन दिवस. बापूंबरोबर घरचा एक तरुण सालगडी गेला होता, वय वीस-एकवीस. कंपनीच्या मेकॅनिकनं दोन दिवस त्याला शिकवलं आणि तिसऱ्या दिवशी तो निघाला. बापू मडगार्डवर बसलेले, डोक्याला फेटा, मांडीवर कागदांची पिशवी. गावात पोचला तेव्हा तो सालगडी राहिला नव्हता, ड्रायव्हर झाला होता. आम्ही पोरं त्यांना ड्रायव्हरमामा म्हणायचो. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, घरच्यांना माहीतच आहे. नावाचा विषय शेवटी येणारच आहे.

(कागदांवरून आठवलं. ट्रॅक्टरच्या नोंदणीच्या पुस्तकात जिल्हा लिहिलाय उस्मानाबाद. लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ ला. आणि बापूंच्या जन्माच्या वेळी अहमदपूर होतं निजामाच्या राज्यात, बिदर जिल्ह्यात. १९५६ ला राज्यं नव्यानं आखली तेव्हा ते उस्मानाबादेत आलं. म्हणजे बापू एकाच वाड्यात राहून तीन जिल्हे फिरले. उस्मानाबादचंही आता धाराशिव झालंय. कागद मात्र उस्मानाबादवर अडलेला.)

पहिल्या उन्हाळ्यात इंटरनॅशनलनं आमचा कुंदा काढला. ड्रायव्हरमामा रात्री नांगरायचे, कारण दिवसा इंजिन तापायचं आणि माणूसही. बॅटरी कायम उतरलेली, म्हणून ट्रॅक्टर नेहमी उतारावर लावायचा. सकाळी नुसता सोडून दिला की चालू! आखाड्याशेजारचा तो उतार अजून 'ट्रॅक्टरचा उतार' म्हणूनच ओळखला जातो. घरच्या रानाचं झाल्यावर भाड्यानं इतरांचं. आसपासच्या पाच-सहा गावांतला पहिला ट्रॅक्टर, त्यामुळे चैत्रापासून मृगापर्यंत त्याला उसंत नसे. १९६४ मध्ये आलेली सी.एस.एच.-१ ही हायब्रीड ज्वारी तोवर आमच्याकडे पोचली होती. खोल नांगरट, हायब्रीड आणि खताचं पोतं, या तिन्हीवर बापूंची तीन मुलं शिकली, दोन आत्यांची लग्नं झाली. हे सगळं खरं आहे. घरच्या समारंभात सांगितलं जातं तेही एवढंच.

न सांगितलं जाणारं असं की, १९६९ पर्यंत घरी पाच बैलजोड्या होत्या. तीन लाल कंधारी, दोन देवणी. कंधार आमच्यापासून लांब नाही आणि देवणीही आमच्याच लातूर जिल्ह्यातली. देशभर नाव असलेल्या या दोन्ही जाती आमच्या अंगणातल्याच म्हणा ना. त्यातल्या तीन जोड्या पुढच्या दोन वर्षांत हाळी-हंडरगुळीच्या बाजारात गेल्या. बैल गेले की गडी लागत नाहीत. सालगड्याचं साल पाडव्याला सुरू होतं आणि पाडव्याला संपतं. १९७० च्या पाडव्याला बापूंनी पाचपैकी तीन गड्यांचं साल पुढे धरलं नाही. शिवाय वीसेक एकर रान बटईनं दिलेलं होतं, तेही परत घेतलं, आता घरीच कसता येत होतं म्हणून. ज्यांचं रान गेलं ती दोन घरं गावात अजून आहेत. त्यांच्याकडे आमच्या इंटरनॅशनलची आठवण विचारली तर ती वेगळी निघते, हे मी स्वतः विचारून पाहिलंय.

बापू वाईट होते असं मला म्हणायचं नाही. त्या वर्षांत देशभर हेच चाललं होतं. एकीकडे हैदराबाद संस्थानातून आलेला १९५० चा कूळकायदा, दुसरीकडे १९६१ चा सीलिंगचा कायदा. जमीन जातीनं कसतो हे दाखवणं जमीनदाराच्या सोयीचं होतं, आणि दाखवायला दारात उभ्या ट्रॅक्टरसारखा पुरावा नाही. १९७५ ला कोरडवाहूची मर्यादा ५४ एकरांवर आली तेव्हा आमच्याकडेही कागदोपत्री वाटण्या झाल्या. सगळ्यांकडेच झाल्या.

मग १९७२. त्याच्या आदल्या वर्षीही पाऊस कमीच होता, ७२ ला तर पाठच फिरवली. नांगरायचं काय? ट्रॅक्टर वर्षभर लिंबाखाली उभा. साल न धरलेल्या तीन गड्यांपैकी दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला होते, मिलोच्या भाकरी आणि सुकडीवर दिवस काढत. आणि बापूंचे हप्ते थकले. बैल दुष्काळात मरतो किंवा विकला जातो, ट्रॅक्टर काही खात नाही असं लोक म्हणतात. पण तो व्याज खातो. पुढच्याच वर्षी जगात तेलाचा भडका उडाला आणि डिझेलही महागलं. ते कर्ज फिटायला १९८१ उजाडलं. आमचं फिटलं तरी. अनेकांचं कधीच फिटलं नाही. भूविकास बँक नंतर अवसायनात गेली, पण सातबारावरचे बोजे तसेच राहिले. शेवटी २०२२ मध्ये राज्य सरकारनं तिच्या ३४ हजारांहून जास्त शेतकऱ्यांचं सुमारे ९६४ कोटींचं कर्ज माफ केलं. त्यातलं नेमकं किती विहिरीचं, किती मोटारीचं आणि किती ट्रॅक्टरचं कुणास ठाऊक. पण ज्या आजोबांनी कर्ज काढलं त्यांच्या नातवांच्या सातबारावरून ते उतरलं, असं कितीतरी घरांत झालं असणार.

आनंदाचे दिवसही होतेच की! येळवस आली (वेळ अमावस्या म्हणतात ती, पण लातूरकडे येळवसच) की ट्रॉलीत सतरंजी टाकून सगळं घर रानात. भज्जीचं पातेलं, आंबिलाचं मडकं, उंडे, वर दहा-बारा पोरं. ट्रॉलीच्या प्रत्येक धक्क्याला आंबील कुणाच्या तरी अंगावर. पोळ्याला उरलेल्या दोन बैलजोड्यांच्या मागे इंटरनॅशनलही मिरवायचा, शेमल्या, गोंडे, झूल सगळं चढवून. आजी त्यालाही ओवाळायची, कुरकुरत का होईना.

आणि एक दिवस असा, की ज्याच्याबद्दल ड्रायव्हरमामा कधीच बोलले नाहीत. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपलेले, पहाटे चारच्या आत किल्लारीचा भूकंप. आमच्याकडे भांडी पडली, भिंतींना तडे गेले, तिकडे गावंच्या गावं दगडमातीच्या घरांखाली. मेलेल्यांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या जवळ आहे. त्याच संध्याकाळी गावानं भाकरी, चटणी, घोंगड्या गोळा केल्या आणि ड्रायव्हरमामा इंटरनॅशनलला ट्रॉली जोडून निघाले. भाकरी उतरवून परत येतील असं वाटलं होतं. आठ दिवसांनी आले. त्या आठ दिवसांत ट्रॉलीनं काय वाहिलं असेल ते समजायला त्यांनी सांगायची गरज नव्हती. आल्यावर ट्रॉली ओढ्यावर नेऊन धूत बसले, दिवसभर. ते मी पाहिलंय.

१९९६ मध्ये खऱ्या वाटण्या झाल्या. जमीन तीन भावांत वाटता येते, ट्रॅक्टर येत नाही. तोवर तो सत्तावीस वर्षांचा, धूर सोडणारा. मुखेडकडच्या एकानं मळणीयंत्रासाठी घेतला. पैसे तिघांत वाटले गेले. ड्रायव्हरमामांना नवा शर्ट-धोतर दिलं. पुढे ते दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवत राहिले आणि २०११ मध्ये गेले.

इथे थोडं विषयांतर. या मधल्या काळात इंटरनॅशनल हार्वेस्टरचं काय झालं माहितीये? १९०२ मध्ये मॅकॉर्मिक, डीअरिंग वगैरे कंपन्या एक होऊन शिकागोत उभी राहिलेली ही बलाढ्य कंपनी. १९८४-८५ मध्ये ती इतकी बुडाली की ट्रॅक्टरचा सगळा धंदा विकून टाकावा लागला. डॉनकास्टरला ट्रॅक्टर बनणं २००७ मध्ये थांबलं. इकडे कांदिवलीवाली कंपनी १९७७ मध्येच महिंद्रात विलीन झाली होती, बॉनेटवरचं इंटरनॅशनल हळूहळू पुसलं गेलं. पण २७५ हा आकडा महिंद्राच्या ट्रॅक्टरवर पुढेही चालत राहिला. आई गेली, आजोळ गेलं, आणि मुलगा परदेशात नाव काढून बसला, अशातली गत. आपल्याकडच्या एचेमटीचं उलट झालं. पिंजोरला १९७१ पासून झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरवरून ट्रॅक्टर बनवणारा तो सरकारी कारखाना, त्याला २०१६ मध्ये टाळं लागलं. रानात एचेमटी अजून दिसतात.

असो. तर इंटरनॅशनल सापडला तो ड्रायव्हरमामांच्या मुलाला. त्याचा आता स्वतःचा ट्रॅक्टर आहे, फायनान्सवर घेतलेला. रोटाव्हेटर आहे, मळणीयंत्र आहे. सोयाबीनच्या दिवसांत तो मुखेड, कंधार, लोहा असा फिरत असतो. अर्ध्या गावाची नांगरट तोच करतो, आमचीही. (बैल आमच्याकडे आता एकही नाही. म्हणजे १९७० मध्ये ज्यांचं साल मोडलं त्यांच्याच वस्तीतल्या ट्रॅक्टरसाठी आम्ही मृगाच्या आधी नंबर लावून बसतो.) मुखेडकडच्या एका आखाड्यावर, कडब्याच्या गंजीमागे त्याला हे धूड दिसलं. बॉनेटच्या उजव्या बाजूला त्याच्या वडिलांनी लावलेलं वेल्डिंग होतं, बैलगाडीची धाव कापून घातलेली पट्टी. त्यावरून त्यानं ओळखलं. तिथूनच फोन केला, "भाऊ, आपला इंटरनॅशनल घावला."

आपला. मी त्या शब्दावर बराच वेळ अडकलो होतो.

व्यवहार लोखंडाच्या भावानं झाला, दीड टनाचा. पैसे मी आणि पुण्याच्या चुलतभावानं निम्मे निम्मे दिले. ट्रॉलीवर चढवून आणण्याचं भाडं त्या मुलानं घेतलं नाही. आणि गंमत म्हणजे मुखेडवाल्यांनी कागद कधी नावावर केलेच नव्हते. नोंदणीच्या पुस्तकात मालक म्हणून अजून बापूच. कायद्याच्या नजरेत इंटरनॅशनल घर सोडून गेलाच नव्हता.

आता पुढचं. काकांचं मत: भंगारात द्या, जागा अडवू नका. लोखंडाला भाव आहे तोवर मोकळे व्हा. यात चुकीचं काही नाही, कितीतरी बी-२७५ असेच वितळून गेले. एक विचित्र गोष्ट मात्र डोक्यात येते. राज्यात २०१५ च्या कायद्यानंतर म्हातारा बैल विकणं अवघड झालंय, हाळीच्या बाजाराची रया गेली म्हणतात, आणि शेतकऱ्यानं काय करायचं यावर अजून भांडणं चालतात. म्हाताऱ्या ट्रॅक्टरला मात्र कुणी विचारत नाही. भंगारवाला येतो, गॅस कटर लावतो, संध्याकाळपर्यंत विषय संपतो.

चुलतभावाचं मत: पूर्ण नवा करायचा. कंपनीचा तोच लाल रंग, नवी जाळी, क्रोमची पट्टी, आणि शेताच्या फाटकाशी चौथऱ्यावर उभा करायचा. त्याला वाटलं होतं 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होईल. केंद्रानं २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी तशी सोय केली खरी, पण ती दुचाकी आणि खासगी मोटारींसाठी. ट्रॅक्टरला चाकं चारच असली तरी त्यात तो बसत नाही. रस्त्यावर आणायचा तर साधीच नोंदणी, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं ती. आमचा त्या हिशेबाच्या कधीच पलीकडे गेलाय. परभणीच्या कृषी विद्यापीठाला द्यावा असं एकदा माझ्या मनात आलं होतं, पण मग गावातल्या कुणालाच तो दिसणार नाही, म्हणून सोडून दिलं.

चुलतभावाशी माझं खरं भांडण रंगावरून आहे. चकचकीत लाल रंग दिला की तो १९६९ चा शोरूममधला ट्रॅक्टर दिसेल. तो आमचा नव्हेच, तो कंपनीचा. आमचा ट्रॅक्टर म्हणजे तो बैलगाडीच्या धावेचा ठिगळ, मुखेडवाल्यांनी बसवलेली मळणीयंत्राची पुली, मडगार्डवर बापूंच्या बसण्यानं आलेला खोलगट भाग. त्या मडगार्डवर पेंटरनं काढलेलं बापूंचं नाव आहे, त्यावर दुसऱ्या मालकाचं नाव रंगवलंय, आणि तो रंगही पोपडे धरून उडाल्यामुळे आता दोन्ही नावं अर्धी अर्धी वाचता येतात. ते खरवडून काढायचं म्हणजे जे मोजायला परत आणलं तेच फेकून द्यायचं. हे माझं मत. चुलतभाऊ म्हणतो, मास्तरकी सोड.

निकाल लावला तो ड्रायव्हरमामांच्या मुलानं. एक दिवस सकाळी पाने घेऊन आला, हेड उघडलं, पिस्टनमध्ये डिझेल ओतून ठेवलं, चार दिवसांनी येऊन फ्लायव्हील हातानं फिरवलं. फिरलं! "इंजिनाला काई झालं नाई भाऊ, मागलं गेलंय." मागलं म्हणजे क्राउन-पिनियन. म्हणजे इंजिन चालेल, ट्रॅक्टर चालणार नाही. मागचं काम करायचं तर खर्च फार आणि जुने सुटे भाग गोळा करत हिंडायचं. शिवाय एवढं करून तो काही सोयाबीनच्या रानात उतरणार नाही. त्याचा सल्ला साधा होता. उतारावर पत्र्याचं शेड मारा, इंजिन चालू करून ठेवा, पुलीला पट्टा लावून पिठाची नाही तर कडब्याची मशीन चालवा. गंजाला जळकं तेल लावा, रंगाच्या फंदात पडू नका. खर्च कमी म्हणून काका तयार झाले, चालू राहणार म्हणून चुलतभाऊ. इंजिनाचं काम येत्या पाडव्याच्या आत करायचं ठरलंय.

मग त्यानं एक गोष्ट मागितली. आम्हाला वाटलं सीट मागेल किंवा स्टेअरिंग. त्यानं विचारलं, बापूंचं नाव जुनं आहे तसं राहू द्या, पण दुसऱ्या मडगार्डवर आमच्या बाबांचं नाव टाकता येईल का?

दुसरं मडगार्ड कोरंच होतं.

काका लगेच बोलले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, त्याचं नाव कशाला, सालाचे पैसे वेळेवर दिलेत ना आपण? दिले होते, हे खरंच आहे. हिशेबाच्या वहीत पाडव्याच्या पाडव्याला नोंद आहे. पण सत्तावीस वर्षांत या ट्रॅक्टरवर बसून ज्यानं रात्री काढल्या त्याचं नाव नोंदणीच्या पुस्तकात नाही, कर्जाच्या कागदात नाही, सातबारावर तर नाहीच. आहे ते फक्त आमच्या हिशेबाच्या वहीत, 'गड्यास दिले' या रकान्यात. मी काकांना वहीच दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोन-तीन पानं उलटली आणि वही बंद करून दिली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, टाका, पण अक्षरं बापूंच्या नावाएवढी नकोत.

त्यावर पुन्हा आठ दिवस गेले. मुलगा म्हणाला, बारीक तर बारीक. चुलतभावानंच, ज्याच्याशी माझं रंगावरून भांडण, पुण्याहून फोनवर सांगितलं की अक्षरं सारखीच पाहिजेत, नाही तर नाव टाकूच नका. काकांनी मग फार ताणलं नाही.

मागच्या आठवड्यात अहमदपूरचा पेंटर मापं घेऊन गेला. नावाच्या आधी 'ड्रायव्हर' लिहायचं की 'कैलासवासी' की नुसतं नाव, असं त्यानं विचारलं. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. नुसतं नावच बरं, असं मला वाटत होतं. मुलानं घरी फोन लावला. ड्रायव्हरमामांची बायको आता सत्तरीच्या पुढे आहे, कानानं कमी ऐकते, त्यामुळे त्यानं ओरडून विचारलं आणि तिकडचं उत्तर आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं.

"ड्रायव्हर लिव्ह म्हणावं. सगळं गाव त्यांला त्याच नावानं वळकतंय."

पेंटरनं वहीत लिहून घेतलं.